काशीत सोडलेली गोळी

चारठाणा,
पौष महिना, ताडकळसच्या बाजाराचा आदला दिवस

तीर्थरूप आत्याबाईंच्या चरणी, धाकट्या घरची सून राजेश्री हिचा डोकं टेकवून नमस्कार.

इकडं सगळे खुशाल आहेत. हे वाक्य एरवी आपण सवयीनं लिहितो, या वेळी मी खात्री करून लिहिलं आहे. लिहिण्याआधी उठून ओसरीवर जाऊन मामांना बघून आले. आपले धाकटे बंधू बाजेवर बसून शेंगा फोडत आहेत, आणि टरफलं अंगणात टाकू नका असं सासूबाईंनी सांगितल्यामुळं अंगणातच टाकत आहेत. म्हणजे तब्येत मूळपदावर आहे. आपला गुडघा कसा आहे? डोळ्यात थेंब टाकणं चालू आहे ना? भुरी म्हैस व्याली का? फोन न करता पत्र का लिहिलं, असं आपण म्हणाल. मागच्या महिन्यात मी फोनवर "मामांना जाळी बसवली" असं सांगितलं, ते आपल्याला "मामांची गाडी फसली" असं ऐकू आलं, आणि आपण परमेश्वरभाऊजींना ट्रॅक्टर आणि दोरखंड घेऊन पाठवलंत. ते परभणीपर्यंत आलेही होते. आईच्या शब्दाखातर एवढं अंतर ट्रॅक्टरवर येणारा मुलगा आजकाल दिसत नाही, हे खरंच. पण म्हणून या वेळी सगळं कागदावर, सावकाश. पत्र नातसून अर्पिता वाचून दाखवेल. (अर्पिता, तुला आशीर्वाद. मी जिथं असा कंस टाकते तो मजकूर तुझ्यापुरता आहे, मोठ्यानं वाचायचा नाही. हासुद्धा वाचू नकोस.)

दुखण्याची सुरुवात आपल्या कानावर आलेलीच आहे, पण ती तीन जणांच्या तोंडून आली असल्यामुळं पुन्हा सांगते. भादव्यापासून मामा शेतात जाताना वाटेत थांबायला लागले. कुणाच्याही बांधावर उभे राहायचे आणि त्याच्या कापसाला नावं ठेवायचे. याचा फुलोरा बघा, त्याची फवारणी बघा. मला वाटलं, वयानं माणूस टीकाखोर होतो. तसं मी रोजनिशीत लिहूनही ठेवलं, वर "सहनशीलता वाढवणे" अशी स्वतःला सूचना केली. खरी गोष्ट अशी होती की त्यांना चालताना छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं व्हायचं आणि दम खायला कारण पाहिजे म्हणून ते लोकांच्या कापसात खोट काढायचे. चढावर ज्याचं शेत आहे त्या नागनाथच्या कापसाला सगळ्यात जास्त नावं पडली, यावरून तरी मला कळायला पाहिजे होतं. जिंतूरच्या महाविद्यालयात मी ग्रंथालय सांभाळते, दिवसभर पुस्तकांत असते, आणि घरच्या माणसाचा श्वास मला वाचता आला नाही. असो. हा विषय मी रोजनिशीत पुरेसा घोळवला आहे, आपल्याला त्रास देत नाही.

जिंतूरला हृदयाची पट्टी काढली, तिथून परभणीला पाठवलं. परभणीच्या डॉक्टरीणबाई संघप्रिया वयानं आपल्या अर्पितापेक्षा थोड्या मोठ्या, पण बोलणं असं की समोरच्याला आपण शहाणे आहोत असं वाटावं. मनगटातून नळी घालून त्यांनी फोटो काढले आणि सांगितलं, हृदयाला रक्त नेणारी एक नस एका जागी अरुंद झाली आहे, तिथं जाळी बसवायची. मामांनी विचारलं, "कसली जाळी? डासाची का कोंबड्याची?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कागदावर काढून दाखवलं. घाई नाही म्हणाल्या, आजचा धोका नाही, दिवाळी करून या, नेमून दिलेल्या तारखेला करू. पण तोवर दोन गोळ्या रोज घ्यायच्या, आणि जाळी बसल्यावर तर त्या चुकवायच्याच नाहीत. निदान सहा महिने दोन्ही, कदाचित वर्षभर, आणि त्यातली एक पुढं जन्मभर. "आजोबा, एक वेळ जेवण सोडा, पण गोळी सोडायची नाही," हे त्यांचं वाक्य. आत्याबाई, हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं सगळं यावरच अडलं.

गोळ्या कशाच्या, असं मामांनी विचारल्यावर कंपाउंडरनं सांगितलं, रक्त पातळ करायच्या. तिथंच पहिली ठिणगी पडली. मामा म्हणाले, आमच्या घराण्यात कुणाचं रक्त पातळ न्हाई. वरण पातळ असतं, ताक पातळ असतं, माणूस पातळ झाला की त्याला गावात कोण विचारतंय. सासूबाईंनी तर त्याच दिवसापासून घरातल्या भाजीत पाणी कमी घालायला सुरुवात केली, म्हणजे रक्त बरोबरीला येईल. मग डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बसवून समजावलं. रक्त पातळ वगैरे काही होत नाही, तो बोलायचा शब्द आहे. रक्तात बारीक चिकट कण असतात. कुठं जखम झाली की ते एकमेकाला धरून गोळा होतात आणि रक्त थांबतं, ते चांगलंच. पण नव्या जाळीलासुद्धा ते जखमच समजतात. "एसटीत बघा आजोबा, माणसं नव्या दारापाशीच गर्दी करतात. ही गोळी म्हणजे कंडक्टर. पुढं सरका, पुढं सरका म्हणणारा." मामांना हे एकदम पटलं. दोन गोळ्या का, असं सासूबाईंनी विचारल्यावर मामांनी स्वतःच उत्तर दिलं की एक कंडक्टर पुढच्या दाराला आणि एक मागच्या. त्या दोहोंपैकी एकीचं नाव ॲस्पिरिन आणि दुसरीचं क्लोपिडोग्रेल. दुसरीला मामा "कुलूपगिरी" म्हणतात. घरात आता सगळेच म्हणतात.

यानंतर आपली काशीयात्रा आली. तिकिटं आषाढातच काढलेली होती आणि छातीत लोखंड पडायच्या आधी चंदूनं गंगा बघितली पाहिजे, हा आपला शब्द होता. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी नाक मुरडलं, पण त्रास वाढलेला नाही असं बघून, चढ नको, ओझं नको आणि गोळी चुकवायची नाही या बोलीवर जाऊ दिलं. मीच पिशवी भरली. गोळ्यांची डबी, पाण्याची बाटली, आणि मामांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमीच्या संत्र्याच्या गोळ्या. मामांचा खिसा आणि संत्र्याची गोळी आपल्याला सांगायला नको. गावातली तीन पिढ्यांची पोरं त्या खिशावर वाढली. यांना, म्हणजे माझ्या मालकांना, लहानपणी वडील म्हणजे संत्र्याचा वास एवढंच कळत होतं म्हणे.

काशीत काय झालं ते मी बघितलेलं नाही, पण मामांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की बघितल्यासारखंच आहे. घाटावर भटजींनी सांगितलं, इथं एक आवडीची वस्तू सोडायची असते. आपण कारलं सोडलंत. (अर्पिता, तुझ्या आजेसासूबाईंनी जन्मात कधी कारलं खाल्लेलं मला आठवत नाही. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी ते पानाबाहेर काढून ठेवलं होतं, फोटोत आहे.) मामा म्हणाले, मी शेपू सोडतो. त्यावर आपण त्यांना घाटावरच बोललात की चंदू, तुला शेपू आवडतच न्हाई, देवाला फसवायलास का, आवडीचं सोड. मामांनी खिशात हात घातला, हाताला संत्र्याची गोळी लागली, ओंजळीत गंगेचं पाणी घेतलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आजपासून गोळी सोडली." भटजींनी विचारलं, काय सोडली? मामा म्हणाले, गोळी. आपण साक्षीला होतात. पाणी खाली पडलं आणि मामला पक्का झाला.

परतीच्या गाडीत मामांना झोप लागेना. वरच्या बाकावर पडून त्यांनी विचार केला की आपण संत्र्याची म्हणालोच नाही. नुसती गोळी म्हणालो. आता गोडी-कडवटपणा बघून शब्दाला मुरड घालणं हे काही बरोबर नाही. त्या रात्रीपासून त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या गोळ्याही बंद केल्या आणि कुणालाही सांगितलं नाही, कारण चांगलं काम गाजावाजा न करता करावं असं त्यांचं मत आहे. घरी आल्यावर मी डबी उघडली तर गोळ्या जशाच्या तशा. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मी गोळ्या पुन्हा एकदा मोजल्या.

मी म्हटलं, मामा, तुमच्या मनात तर संत्र्याची होती. ते म्हणाले, "मनात काय व्हतं ते मला ठावं. त्वांडातून काय निघालं ते गंगेला ठावं. आता तिनं कशावर इश्वास ठिवावा?" मी परभणीला डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी एवढंच सांगितलं की गोळ्या घेणार नसतील तर मी जाळी बसवणार नाही. नव्या जाळीवर रक्त गोठलं तर नस आधीपेक्षा वाईट बंद होईल, आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही. म्हणजे शब्द राहायचा तर जाळी नाही, जाळी नाही तर मामांनी नागनाथच्या बांधावर उभं राहून त्याच्या कापसाला नावं ठेवत राहायचं, आणि एक दिवस तिथंच खाली बसायचं. मी रोजनिशीत त्या दिवशी काही लिहिलं नाही.

पुढचे काही दिवस घरात व्याकरणाचे गेले. ह्यांचं म्हणणं पडलं की काशीला फोन करून शब्द मागं घ्यावा. आपण दिलेल्या चिठ्ठीवर भटजींचा नंबर होता. भटजी म्हणाले, इथं सोडलेलं फोनवर परत मिळत नाही, समक्ष या. सासूबाईंनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी दोन्ही गोळ्या कुटल्या, गुळात मळल्या आणि वळून मामांच्या ताटात ठेवल्या. मामांनी विचारलं, हे काय? सासूबाई म्हणाल्या, लाडू. मामांनी तो चिमटीत धरून उजेडाला नेला आणि म्हणाले, "कमळे, एवढा लाडू कुणी बघितलाय का? ह्याला गोळी म्हणत्यात." मग लाडू कुठं संपतो आणि गोळी कुठं सुरू होते यावर माझ्या सासू-सासऱ्यांचं लग्नानंतरचं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी मराठी घेऊन बी. ए. झाले असल्यामुळं निवाडा माझ्याकडं आला. मी ग्रंथालयातला शब्दकोश रीतसर नोंद करून घरी आणला. त्यात गोळा आणि गोळी यांत आकाराशिवाय फरक दिलेला नाही. मी बाजू मांडली की गोळ्या कुटून त्यांचा गोळा केला तर ती गोळी राहत नाही. मामा म्हणाले, "सूनबाई, बकरीचं नाव बोकड ठिवल्यानं ती दूध द्यायचं थांबत न्हाई." दृष्टांत नीट बसत नव्हता, पण मला त्यात दम वाटला. शिवाय मला आतून वाटत होतं की मी चुकीच्या बाजूनं भांडते आहे. माणूस आपला शब्द पाळतो म्हणून त्याला रागवायचं, हे कसं? पण तो माणूस राहिला नाही तर त्या शब्दाचं काय करायचं, हेही होतंच.

शेवटी आम्ही मामांना घेऊन परभणीलाच गेलो. तिथं मी डॉक्टरीणबाईंना सगळं पहिल्यापासून सांगितलं, घाट, ओंजळ, शेपू, सगळं. मला वाटत होतं त्या हसतील किंवा चिडतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पेन खाली ठेवलं आणि मामांना विचारलं, "आजोबा, कॅप्सूल सोडलीय का?"

मामांनी बराच विचार केला. छताकडं बघितलं. ओठ हलले, म्हणजे घाटावरचं वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं असणार. मग म्हणाले, "क्यापसूल? न्हाई. तिचं नावच निघालं न्हाई काशीत."

ही दोन्ही औषधं एकत्र कॅप्सूलमध्येही मिळतात, वर चरबीचंही औषध त्यातच असतं. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलं, मधे खाडा पडला म्हणून तारीख पुढं ढकलली आणि म्हणाल्या, आधी औषध अंगात मुरू द्या, मग जाळी. येताना एसटीत मामांनी ते पाकीट स्वतःच्या खिशात ठेवलं, जिथं पूर्वी संत्र्याच्या गोळ्या असायच्या त्याच. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते काय सांगू. जिंतूरच्या स्टँडवर मी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

नेमल्या दिवशी मात्र एक गडबड झालीच. दवाखान्यात आदल्या संध्याकाळी वॉर्डातला माणूस, जीवन नावाचा, चार गोळ्या वाटीत घेऊन आला. जाळीच्या आधी हा जास्तीचा डोस द्यायची तिथली रीत आहे, एकदम चार. मामांनी वाटीत बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. जीवन म्हणाला, बाबा, आ करा. मामांनी मान हलवली. जीवन म्हणाला, बाबा, कडू न्हाईत. मामांनी तोंड न उघडता सासूबाईंकडं बोट केलं. सासूबाईंनी त्याला काशीपासून सुरुवात करून सांगितलं. शेजारच्या खाटांवरचे लोक उठून बसले. एक गृहस्थ म्हणाले, मीही काशीत गेलो होतो, मी दुधी सोडला. दुसरे म्हणाले, मग जाळी सोडली असती म्हणजे प्रश्नच नव्हता. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, कागद बघितला, यांच्या पोटात औषध रोजचं चालू आहे, मुरलेलं आहे, या चार राहू द्या म्हणाल्या, आणि वाटी परत गेली. मामांनी तेव्हा कुठं तोंड उघडलं आणि जीवनला म्हणाले, "तुजा राग न्हाई बाबा, तुला ठावं नव्हतं."

जाळी नीट बसली. दुसऱ्या दिवशी मामा चालले, तिसऱ्या दिवशी घरी. परवा ते नागनाथच्या बांधावरून न थांबता गेले. नागनाथनंच हाक मारून थांबवलं आणि विचारलं, काका, राग आलाय का, माझ्या कापसाला काही बोलला न्हाईत. मामा म्हणाले, "कापूस चांगला हाय तुजा. पयल्यापासूनच चांगला व्हता." आत्याबाई, मी हे ऐकलं तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि कापसावरून कुणाचे डोळे भरून आल्याचं मला तरी माहीत नाही.

खिशातली संत्र्याची गोळी मात्र मामांनी खरोखर सोडली. गल्लीतली पोरं येतात, खिशाकडं बघतात. आता त्यांना शेंगा मिळतात. त्यांच्या तोंडावरून दिसतं की शेंगा म्हणजे काही गोळी नव्हे, पण येतात.

(अर्पिता, आता नीट बस आणि हा मोठा कंस मनात वाच. मागच्या आठवड्यात पाकिटातून काढताना एक कॅप्सूल माझ्या बोटांत दबली आणि उघडली. आत काय असेल म्हणून मी बघितलं. भुकटी असेल असं वाटलं होतं. आत गोळ्या आहेत. अगदी इवल्या, पण गोल, कडा घासलेल्या, स्पष्ट गोळ्या. म्हणजे मामा रोज जेवल्यावर काशीचा शब्द मोडत आहेत आणि त्यांना ते माहीत नाही, मला माहीत आहे. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मी कॅप्सूल लिहून दिली हे खरं आहे. त्यांनी विचारलं तर खोटं सांगू नका, न विचारता सांगायला जाऊ नका, आणि औषध एक दिवसही चुकू देऊ नका. ऐकायला सोपं आहे. पण ते रोज माझ्याकडून पाणी मागून घेतात आणि गिळल्यावर माझ्याकडं बघून हसतात, तेव्हा मला वाटतं मी त्यांना फसवते आहे. सांगावं, तर ते सोडतील, आणि मग आत ती जाळी एकटी पडेल. न सांगावं, तर मी शब्दाला जागणाऱ्या माणसाचा शब्द त्याच्या नकळत रोज मोडायला लावते आहे, तोही हसत हसत. तू शिकलेली आहेस, तुझं मत कळव. पत्रात नको. तुमच्या ताडकळसच्या बाजाराला इकडून कुणी आलं तर निरोप दे, नुसतं "सांग" किंवा "नको".)

बाकी इकडं कापसाची वेचणी संपत आली. हरभरा बरा आहे. आपल्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधावा असं सासूबाई सांगतात. परमेश्वरभाऊजींना ट्रॅक्टरबद्दल पुन्हा एकदा आभार सांगावेत. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. पत्रात काही अधिक-उणं लिहिलं गेलं असेल तर ते माझ्या शिक्षणाचं समजावं, मनाचं नाही.

आपली,
राजेश्री

ता. क. — आत्याबाई, मुख्य गोष्ट राहिली. फाल्गुनात आपण मामांना काशीच्या गंगाजलासकट रामेश्वरला नेणार आहात असं कळलं. डॉक्टरीणबाईंनी जायला ना म्हटलेलं नाही, औषध बरोबर असलं म्हणजे झालं. माझी एकच पदर पसरून विनंती आहे. तिथं पुन्हा काही सोडायचं असेल तर मामांना एकटं ओंजळ भरू देऊ नका. वाक्य आधी आपण ऐका, मगच पाणी सोडू द्या. आणि सोडायचंच असेल तर तंबाखू सोडायला लावा. मी सांगून, ह्यांनी सांगून, डॉक्टरीणबाईंनी सांगून झालं. मामा म्हणतात, तंबाखूचं मला कुणी घाटावर सांगितलं नाही. आपण घाटावर सांगितलेलंच त्यांना पटतं, याचा पुरावा आमच्या घरात आहे.

ता. क. दुसरा — हे पत्र पाकिटात घालून मी मामांकडं दिलं, कारण उद्या बाजाराला तेच येत आहेत. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "बंद पाकीट न्यायला मी काय टपालवाला हाय व्हय? अक्काला काय लिवलंस ते वाच." मी वाचायला लागले. कंस आले की गाळत होते. काशीपर्यंत ठीक चाललं. मोठ्या कंसापाशी मामांनी थांबवलं. "तुजे डोळे उड्या मारायलेत. मधलं वाच." त्यांनी विचारलं होतं, आत्याबाई. आणि विचारलं तर खोटं सांगायचं नाही असं ठरलं होतं. मी वाचलं. सगळं, गोल, कडा घासलेल्या, सगळं. वाचताना माझा आवाज कसा होता ते सासूबाईंना विचारा.

मामांनी शेंग फोडली, दाणे खाल्ले आणि म्हणाले, "मला ठावं हाय." मी विचारलं, कधीपासून? "पयल्या दिवसापासून. मी वांगं घेताना देठ मोडून बघणारा माणूस. क्यापसूल उघडल्याबिगर गिळीन व्हय? एक उघडली, आत बघितलं, परत लावली, गिळली." मग मला का सांगितलं नाही? "एसटीत तू एवढी खुश झालतीस. रस पाजलास समद्यांला. तुला कशाला सांगावं म्हणलं. दवाखान्यात त्या चार गोळ्यांला त्वांड मिटलं तेबी त्याच्याचपायी." म्हणजे ते मला जपत होते आणि मी त्यांना, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघून रोज हसत होतो. मी विचारलं, पण मग काशीचा शब्द? मामा म्हणाले, "त्याचा इचार मी केलाय. घाटावर अक्का काय म्हणली? आवडीचं सोड. संत्र्याची गोळी माज्या आवडीची व्हती, ती सोडली, आजबी त्वांडाला पाणी सुटतंय. ही कुलूपगिरी मला कवा आवडली? जे आवडतच न्हाई ते सोडलं म्हणून कुणी त्याला सोडणं म्हणतंय का? तसं फकस्त अक्का करती, कारल्याचं."

(अर्पिता, कंसांचा नियम आता रद्द. मामा म्हणाले, समदं मोठ्यानं वाचू दे, अक्काच्या कारल्यासकट, आणि मी समोर बसून ऐकीन. तेव्हा तू वाचत असताना ते तिथंच असतील. पाणी जवळ ठेव, कुणाला लागेल सांगता येत नाही.)

ता. क. तिसरा — हा मामा तोंडानं सांगत आहेत आणि मी लिहिते आहे. "अक्काला लिव, रामेश्वरला मी तंबाखू सोडतो. ती मला लय आवडती, म्हणजे सोडणं खरं हुईल. आणि त्याच्यामागून दुसरी ओंजळ भरून मी सोडणंच सोडतो. आता बास झालं. पर सूनबाई, आधी तंबाखू आणि मग सोडणं, हे नीट लिव. मागचं पुढं झालं तर तंबाखू सुटायची न्हाई, आणि त्या डॉक्टरीणबाईंला तंबाखूचीबी क्यापसूल शोधाय लागंल."